आधी शिक्षा झालेली, आता पुन्हा कोयत्याची केस: ‘दुप्पट’ म्हणजे नक्की काय?

उंबरठा (धागाकर्ती), सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कायद्यातलं मला काही कळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचा, ही विनंती.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा. पिंपरी-चिंचवडला शहाळ्यांचा गाडा लावतो. २०१८ मध्ये त्याच्या वाढदिवसाला पोरांनी तलवारीनं केक कापला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला आणि दोन दिवसांनी पोलीस घरी आले. नऊ दिवस आत होता. तेव्हाचे वकील म्हणाले, ‘कबूल करून टाक, भोगलेली शिक्षा धरतील, संध्याकाळी घरी जाशील.’ तसंच झालं. कबूल केलं, पाचशे रुपये दंड भरला आणि रात्री घरी जेवायला होता. आईनं नारळ फोडला. आम्ही समजलो, विषय मिटला.

२०२२ मध्ये गल्लीत मारामारी झाली, त्यात कलम ३२४ (हत्यारानं दुखापत) लागलं. ती केस अजून चालू आहे.

आता तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेअकराला गाडा बंद करून येताना चौकात कोम्बिंग ऑपरेशन चालू होतं. स्कूटरच्या पुढच्या जागेत गोणपाटात गुंडाळलेला कोयता सापडला. नाव टाकल्यावर जुनं सगळं स्क्रीनवर आलं. आर्म्स ॲक्ट ४/२५ (हत्यार बाळगणं) आणि पोलीस कायद्याचं ३७(१)(३) सह १३५ (हत्यारबंदीचा आदेश मोडणं) लावलं. पोलीस ठाण्यात एकजण म्हणाले, ‘दुसऱ्यांदा आहे, डबल लागणार.’

भाऊ सध्या येरवड्यात आहे. परवा मुलाखतीला गेले तर काचेपलीकडून बोटं मोजून मला सांगतो, ‘ताई, मागच्या वेळी नऊ दिवस, आता डबल म्हणजे अठरा. बावीस दिवस तर झालेच. तारखेला कबूल करतो आणि येतो घरी.’

मला यात काहीतरी चुकतंय असं वाटतंय. बरोबर आहे का तो?

---

पोफळी, सोमवार, रात्री ११:५८

ताई, आधी एक करा. त्याला निरोप पाठवा, वकिलाशी बोलल्याशिवाय तारखेला तोंड उघडायचं नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

---

ॲड_माणदेशी, मंगळवार, सकाळी ७:२०

उंबरठाताई, तुमची शंका बरोबर आहे. भावाचा हिशेब पूर्ण चुकलाय, आणि त्या हिशेबावर त्यानं कबुली दिली तर फार महागात पडेल.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये कलम ३१ आहे. या कायद्याखाली एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा याच कायद्याखाली दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्यासाठी कायद्यात जी शिक्षा सांगितली आहे तिच्या दुप्पट शिक्षेला तो पात्र होतो. मागच्या वेळी न्यायाधीशांनी प्रत्यक्षात किती दिवस दिले, याचा दुपटीशी काही संबंध नाही. ४/२५ ला किमान शिक्षा कायद्यानंच ठरवलेली आहे आणि ती वर्षाच्या खाली नाही. मागच्या वेळी नऊ दिवसांवर भागलं, कारण ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ नोंदवून किमानपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा कोर्टाला आहे. पहिलीच वेळ, कोवळं वय, गुन्ह्याची कबुली अशी कारणं तेव्हा लिहिली गेली असतील. आता ‘पहिलीच वेळ’ हे कारण उरलं नाही. म्हणजे अठरा दिवस नव्हे, काही वर्षांचा प्रश्न आहे.

पण घाबरून जाऊ नका, कारण कलम ३१ आपोआप लागत नाही. त्यासाठी पहिली शिक्षा याच कायद्याखाली झालेली असावी लागते. २०१८ च्या केसमध्येही बहुधा दोन्ही कलमं लावली असतील, ४/२५ आणि पोलीस कायद्याचं १३५. शिक्षा फक्त १३५ ची झाली असेल तर ३१ चा विषयच येत नाही, कारण तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, वेगळा कायदा. ३२४ ची केस तर चालूच आहे. चालू केस म्हणजे शिक्षा नव्हे, आणि तिचाही शस्त्र कायद्याशी संबंध नाही.

म्हणून आजच्या आज त्या जुन्या निकालाची आणि रोजनाम्याची (कोर्टातल्या तारखेवार नोंदींची) प्रमाणित नकल मागा. केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सवर नावानं शोधा. त्या कागदावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, तुम्हाला ठाम काही सांगू नये.

---

उंबरठा, मंगळवार, सकाळी ९:०५

वकीलदादा, हे वाचून हातपाय गार पडले. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही की कबुली म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद. आम्हाला वाटलं दंड भरला म्हणजे पावती फाडल्यासारखं. नकलेचा अर्ज आजच टाकते.

---

निवृत्त_हवालदार, मंगळवार, दुपारी १:३०

बाई, तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कोर्ट ड्युटीला. तुमच्या भावासारखी पोरं दर सोमवारी बघितली. नऊ-दहा दिवस आत काढलेलं पोर कंटाळलेलं असतं, घरच्यांकडे जामीनदार नसतो, सॉल्व्हन्सीला (ऐपतीच्या दाखल्याला) पैसे नसतात. मग कबुली. दंडाची पावती घेऊन बाहेर येताना ते हसत असतं. त्याला आणि आईबापाला कुणी सांगत नाही की आजपासून तू ‘शिक्षा झालेला’ आहेस.

आता रेकॉर्डचं सांगतो. केस दाखल होणं आणि शिक्षा लागणं यात लोक फरक करत नाहीत, पण ठाण्यातला माणूस करतो. रिमांड रिपोर्टमध्ये ‘आरोपीचा पूर्वइतिहास’ म्हणून सगळंच लिहिलं जातं, चालू केससुद्धा. कोर्टात दुप्पट शिक्षेसाठी मात्र फक्त शिक्षा चालते. ठशांचं म्हणाल तर २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्यानुसार मापं आणि ठसे ७५ वर्षं ठेवायचे आहेत. ज्याला आधी शिक्षा नाही आणि जो निर्दोष सुटला त्याचे काढून टाकण्याची तरतूद आहे. ज्याला आधी शिक्षा आहे त्याला ती सवलत नाही. म्हणून सांगतो, लहान शिक्षा असं काही नसतं.

आणखी एक, याच्या तयारीला लागा. कोयत्याची केस आणि मागे शिक्षा, म्हटल्यावर दोन-तीन महिन्यांत तडीपारीची नोटीस येऊ शकते.

---

दुसरीपाळी, मंगळवार, रात्री ८:१०

काका, तडीपारीबद्दल जरा खुलासा करा. माझ्या आतेभावाला झाली होती. शिक्षा एकाही केसमध्ये नव्हती, तरी दीड वर्ष बाहेर.

---

निवृत्त_हवालदार, मंगळवार, रात्री ९:४५

होय, तडीपारीला शिक्षा लागत नाही, हेच लोकांना कळत नाही. पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली, माणूस धोकादायक आहे आणि साक्षीदार भीतीनं पुढे येत नाहीत असं दिसलं तर हद्दपार करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस द्यावीच लागते आणि म्हणणं मांडायला वेळ द्यावा लागतो. नोटिशीच्या तारखेला वकील घेऊन जा, कोऱ्या कागदावर सही करून येऊ नका. आदेश झाला तर ३० दिवसांत सरकारकडे अपील.

आणि हद्दपार केल्यावर परत आला तर कलम १४२, त्यात दोन वर्षांपर्यंत. माझ्या हातून पकडलेली अर्धी पोरं सणाला किंवा आईला दवाखान्यात न्यायला घरी आलेली होती. एक तर बहिणीच्या हळदीला मांडवात सापडलं. अंगाला हळद, तसंच गाडीत बसवलं. तो दिवस मला आजही आठवतो. कायदा पाळला, पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

---

ॲड_माणदेशी, बुधवार, सकाळी ७:०५

काकांनी नेमकं सांगितलं. भर घालतो: २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात दोन वर्षांच्या तडीपारीचा आदेश रद्द केला. हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या मुक्त संचाराच्या मूलभूत हक्कावर तो घाव घालतो, म्हणून आदेशामागे अधिकाऱ्यानं मन लावून विचार केल्याचं दिसलं पाहिजे, आणि कमाल मुदत दिली तर ती का, हेही दिसलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय. नोटिशीला उत्तर देताना हा निकाल जोडा.

याच्या वरची पायरी म्हणजे एमपीडीए, १९८१ चा कायदा. त्यात ‘धोकादायक व्यक्ती’च्या व्याख्येतच शस्त्र कायद्याच्या पाचव्या प्रकरणाखालचे गुन्हे वारंवार करणारा येतो. तिथे वर्षभरापर्यंत स्थानबद्धता, खटल्याशिवाय. आणि त्याच्याही वर मोक्का, संघटित गुन्हेगारीचा कायदा: मागच्या १० वर्षांत टोळीच्या नावावर एकाहून जास्त दोषारोपपत्रं, किमान शिक्षा पाच वर्षं, जामीन जवळपास बंद. उंबरठाताई, तुमच्या भावाच्या बाबतीत टोळी वगैरे काही दिसत नाही, त्यामुळे मोक्काच्या विचारानं झोप घालवू नका. पण ३२४ च्या केसमधली बाकी पोरं कोण आहेत ते मला खासगीत कळवा.

---

कातळवाट, बुधवार, सकाळी ११:१५

माझं मत वेगळं आहे आणि मनापासून सांगते, ताईंनी राग मानू नये. आमच्या भागात गेल्या दोन वर्षांत कोयता घेऊन पोरांनी दुकानं फोडलीत, रिक्षांच्या काचा फोडल्यात. माझ्या दीराच्या पानटपरीवर सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं कोयता आपटला, लाकडी फळीत अजून ती खाच आहे. तो दिवस बघितलेल्या माणसाला ‘गाड्याचा कोयता होता’ हे ऐकून पटकन विश्वास बसत नाही. शिक्षा दुप्पट आहे ती अशांसाठीच आहे ना? आणि पैसेवाल्यांना काहीच होत नाही हेही खरं.

---

उंबरठा, बुधवार, दुपारी १२:०२

राग नाही ताई. तुमच्या दीराच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. माझा भाऊ साधुसंत आहे असं मी म्हणत नाही. २०१८ ला ती तलवार हातात घेऊन नाचला, ते चुकलंच, मी तेव्हाही त्याच्या कानाखाली वाजवली होती. माझं म्हणणं एवढंच की या वेळी जे घडलं त्याचीच शिक्षा व्हावी, न घडलेल्याची नको. पंचनाम्यात ‘कमरेला खोचलेला’ लिहिलंय. तो म्हणतो गोणपाटात होता.

---

ॲड_माणदेशी, बुधवार, दुपारी २:४०

कातळवाट, तुमच्या दीरांच्या बाबतीत जे झालं ते गंभीर आहे आणि तिथे कडक शिक्षा व्हायलाच हवी. पैसेवाल्यांबद्दल मात्र एक नोंद. अभिनेता संजय दत्तचा प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याचा तो पहिलाच गुन्हा होता. तरी २०१३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं परिवीक्षा (चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) नाकारली आणि सहा वर्षांची शिक्षा कमी केली ती तेव्हाच्या किमान मुदतीपर्यंतच, म्हणजे पाच वर्षं. २०१६ च्या फेब्रुवारीत तो येरवड्यातून सुटला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीच किमान मुदत सात वर्षं झाली आहे, आणि विनापरवाना साध्या बंदुकीला, म्हणजे गावठी कट्ट्यालाही, किमान दोन, कमाल पाच. शस्त्र कायद्यात किमान शिक्षा लिहिलेली असल्यामुळे न्यायाधीशांचे हात बऱ्यापैकी बांधलेले असतात, आरोपी कोणीही असो.

उंबरठाताई, ‘कमरेला’ की ‘गोणपाटात’, यावरच केस उभी आहे. नियमात धारदार हत्याराची व्याख्या बघा: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. शहाळ्याचा कोयता रुंदीत बसतोच, त्यामुळे मापावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याच ओळीत पुढे घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. ऊसतोडीचा कोयता, नारळाचा कोयता, खाटकाचा सुरा ही लोकांची रोजची हत्यारं आहेत, म्हणून ही सूट. शिवाय कलम ४ त्या भागापुरतं लागू असल्याची अधिसूचना सरकार पक्षानं दाखवावी लागते.

मला तीन गोष्टी हव्यात. गाड्याचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा पावती, शहाळ्यांच्या व्यापाऱ्याचं त्या आठवड्याचं बिल, आणि पंचनाम्याची नकल. झडती-जप्तीचं चित्रीकरण १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सक्तीचं आहे, कलम १०५. तो व्हिडिओ आपण कोर्टामार्फत मागू. गोणपाट त्यात दिसेल किंवा दिसणार नाही, पण मागायचाच.

---

बारा_बोअर, बुधवार, सायंकाळी ६:२०

विषयाला धरूनच एक विचारतो. वडिलांची लायसन्सची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. भावाला मारहाणीत सहा महिने शिक्षा झालेली. वडिलांनंतर त्याच्या नावावर होईल का?

---

ॲड_माणदेशी, बुधवार, सायंकाळी ६:५५

हिंसेच्या गुन्ह्यात कितीही मुदतीची कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही, कलम ९. शांततेचं बंधपत्र, म्हणजे चॅप्टर केसमध्ये बॉण्ड, लिहून दिलं असेल तर त्या मुदतीतही नाही. पाच वर्षांनंतर अर्ज करता येतो, देणं-न देणं परवाना अधिकाऱ्यावर. तोवर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, घरात ठेवू नका.

---

उंबरठा, पुढचा सोमवार, दुपारी ३:३०

नकल मिळाली. चार पानं. तिसऱ्या पानावर लिहिलंय: आरोपीनं गुन्हा स्वेच्छेनं कबूल केला, शस्त्र अधिनियम कलम ४/२५ आणि पोलीस अधिनियम १३५ खाली दोषी, भोगलेली नऊ दिवसांची कैद आणि दंड ५०० रुपये. खाली त्याची सही, शाळेत शिकवली होती तशी, सावकाश काढलेली.

म्हणजे कलम ३१ लागणार, ना दादा?

---

ॲड_माणदेशी, सोमवार, सायंकाळी ५:१०

हो ताई. वाईट वाटतं, पण स्पष्ट सांगतो, आता दोषी ठरला तर ते मागितलं जाऊ शकतं.

पण क्रम लक्षात घ्या. जादा शिक्षा मागायची तर आधीच्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. आत्ताच्या गुन्ह्यात तो दोषी ठरेपर्यंत तो भाग त्याला वाचूनसुद्धा दाखवत नाहीत. त्यानं नाकारलं तर सरकार पक्षानं प्रमाणित नकल किंवा तुरुंगाचा दाखला आणून, ‘तो हाच माणूस’ हे सिद्ध करायचं. म्हणजे जुनी शिक्षा या केसचा पुरावा होत नाही. आधी कोयता, मग मागचं. कबुली दिली तर पहिली पायरी आपण स्वतःच पाडतो.

जामिनाचं चित्र त्यापेक्षा बरं आहे. मागे सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी, किंवा तीन ते सात वर्षांच्या दखलपात्र गुन्ह्यात दोन वेळा दोषी असेल तर जामीन अवघड होतो. तो या दोन्हींत बसत नाही, शिक्षा एकदाच आहे. अर्ज तयार आहे.

एक तोटा सांगून ठेवतो: कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटण्याची नवी सवलत फक्त पहिल्यांदाच गुन्हा असणाऱ्यांना आहे, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तर ते कलमच आड येतं. म्हणून जामीन गुणवत्तेवरच मिळवायचा.

---

पोफळी, सोमवार, सायंकाळी ५:४०

वाचणाऱ्या इतरांसाठी: वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, १९८७ चा विधी सेवा कायदा, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय असतं. टोल फ्री १५१००. तुरुंगातूनही अर्ज देता येतो.

---

उंबरठा, गुरुवार, रात्री १०:२०

काल मुलाखतीला गेले. त्याला नकलेची झेरॉक्स दाखवली, काचेला लावून धरली. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, ‘ही माझी सही आहे, पण मला हे माहीत नव्हतं.’ अठरा दिवसांचं पुन्हा बोलला नाही. ‘कबूल नाही’ एवढेच दोन शब्द म्हणायचे, असं ठरलं.

आणि दादा, तुम्ही म्हणालात तसा पंचनामा नीट वाचला. हत्याराच्या वर्णनात लिहिलंय, ‘पात्यावर काळपट डाग’. ते रक्ताचे वाटावेत असं काही लिहिलेलं नाही. शहाळं तोडताना चीक लोखंडाला लागतो आणि पातं काळं पडतं, आमच्या घरात कुठलाही कोयता बघा, तसाच आहे.

---

ॲड_माणदेशी, गुरुवार, रात्री १०:४५

ताई, ही ओळ मी दोनदा वाचूनही निसटली होती. अर्जात घालतो. घरातल्या दुसऱ्या कोयत्याचा फोटो उजेडात काढून पाठवा, शेजारी पट्टी ठेवून.

---

कातळवाट, शुक्रवार, सकाळी ८:३०

उंबरठाताई, आमच्या इथे मार्केट यार्डात शहाळ्यांचे गाडे आहेत. काल मुद्दाम थांबून बघितलं. पातं खरंच काळं असतं. तुमच्या भावाला जामीन मिळो.

---

उंबरठा, दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:००

जामीन झाला. अटी: दर रविवारी सकाळी दहा ते बारा ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. जप्तीचा व्हिडिओ कोर्टानं मागवलाय, पुढची तारीख महिनाअखेर. तडीपारीची नोटीस अजून आली नाही. आली तर काकांनी सांगितल्याप्रमाणे वकीलदादांसोबतच जाऊ.

आजची पहिली हजेरी देऊन तो आत्ता आला. गाडा पुन्हा लावलाय. कोयता मात्र तो नेत नाही. सकाळी सहाला मी पिशवीत घालून, फेरीवाल्याच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससकट गाड्यावर नेऊन देते, आणि संध्याकाळी सातला जाऊन परत घरी आणते.